पावित्र्याला विचारणारं कुणी हवं

१७४३ च्या मार्चमध्ये मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली इंग्लंडच्या उत्तरेला, न्यूकॅसलमध्ये होते. तिथल्या मेथडिस्ट मंडळातल्या सभासदांची त्यांनी चौकशी केली आणि ६४ जणांची नावं यादीतून काढून टाकली. कोणाचं नाव कशासाठी गेलं, तेही त्यांनी रोजनिशीत लिहून ठेवलं आहे. १७ जण दारूमुळे गेले, दोघे दारू विकत होते म्हणून. दोघे शिवीगाळ करणारे, दोघे रविवार न पाळणारे, तिघे भांडखोर, तिघे अट्टल खोटारडे, चौघे निंदानालस्ती करणारे, एक आळशी आणि एक बायकोला मारणारा. उरलेल्या २९ जणांवर ठपका होता तो उथळपणाचा आणि बेपर्वाईचा. आजच्या वाचकाला ही यादी खटकेल, आणि खटकायलाच हवी. उथळपणापायी २९ जण जावेत आणि बायकोवर हात उगारणारा एकच सापडावा, हा हिशेब पटण्यासारखा नाही. त्या काळच्या न्यूकॅसलमध्ये असा एकच नवरा होता यावर कोण विश्वास ठेवेल? तरीही या यादीतली एक गोष्ट आज दुर्मीळ झाली आहे. प्रार्थनेला येणारा माणूस घरी कसा वागतो याची त्या मंडळाला खबर होती, आणि ते त्याला तोंडावर विचारण्याची सोयही होती. आपल्याकडच्या चर्चमध्ये, खरं तर कुठल्याही धर्मस्थळात, अशा गोष्टी कुजबुजीतून कळतात. विचारायला मात्र कुणी जात नाही.

ख्रिस्ती परंपरेतलं पावित्र्य म्हणजे सोवळं नव्हे, हे आधी सांगितलेलं बरं. देवावर आणि शेजाऱ्यावर मन लावून प्रेम करता येणं, आणि त्या प्रेमाच्या आड येणाऱ्या सवयी एकेक करून सुटत जाणं, असा त्याचा अर्थ वेस्लींनी जन्मभर सांगितला. त्यासाठीची साधनं सर्वांच्या ओळखीची आहेत: प्रार्थना, शास्त्रवाचन, उपवास, प्रभुभोजन, दानधर्म. त्यांना आज वाईट दिवस आले आहेत असं म्हणता येणार नाही. उपवासकाळात चर्च भरतात, रिट्रीटला माणसं आवर्जून जातात, प्रार्थनेची ॲप फोनवर असतात. पण या सगळ्याचा रोख हळूहळू एकेकट्या माणसाच्या मनःशांतीकडे वळला आहे. साधना किती मिनिटं झाली, किती दिवस सलग झाली, नंतर कसं वाटलं, हे फोन विचारतो. सुनेशी कसं वागलात, उसने घेतलेले पैसे परत केलेत का, हे विचारणारं कुणी नसतं. माझं म्हणणं असं की, दुसऱ्या माणसाला आपल्याला प्रश्न विचारण्याचा हक्क देणं ही प्रार्थना-उपवासाइतकीच मूलभूत ख्रिस्ती साधना आहे. ती वगळली की बाकीच्या साधनांमधून पावित्र्य येईलच याचा भरवसा उरत नाही. कित्येकदा उलटंच घडतं. वेस्लींचं आयुष्य याचा चांगला पुरावा आहे, कारण या दोन्ही बाजू त्यांच्याच वाट्याला आल्या.

१७०३ मध्ये जन्मलेले वेस्ली ऑक्सफर्डमध्ये शिकवत असताना, १७२९ च्या सुमारास, तिथे तरुणांचा एक छोटा गट जमला. धाकटा भाऊ चार्ल्स त्यात होता. ही मंडळी नेमाने एकत्र वाचन करत, बुधवारी आणि शुक्रवारी उपवास करत, वारंवार प्रभुभोजन घेत, तुरुंगातल्या कैद्यांना भेटायला जात. दिवसाचा कुठला तास कशात गेला याचीही वेस्ली नोंद ठेवत. या काटेकोरपणाची टिंगल म्हणून त्यांना 'मेथडिस्ट' हे नाव पडलं. १७३६ मध्ये वेस्ली धर्मगुरू म्हणून अमेरिकेतल्या जॉर्जिया वसाहतीत गेले, तेव्हा हे सगळे नेम त्यांच्याबरोबर गेले. तिथे सोफी हॉपकी नावाच्या तरुणीवर त्यांचं मन जडलं. लग्न करावं की नाही, याचा निर्णय त्यांच्याने होईना. अखेर १७३७ च्या मार्चमध्ये तिने दुसऱ्या माणसाशी लग्न केलं, आणि काही महिन्यांनी वेस्लींनी तिला प्रभुभोजन नाकारलं. कारण नियमांतलं दाखवलं गेलं, पण सव्हाना गावातल्या अनेकांना ते खरं वाटलं नाही. प्रकरण न्यायालयात गेलं आणि वर्ष संपायच्या आत वेस्लींना वसाहत सोडावी लागली. उपवास चुकले नव्हते, पहाटेची प्रार्थना चुकली नव्हती. लग्नाबद्दल त्यांनी चार जणांचा सल्लाही घेतला होता. मात्र धर्मगुरू म्हणून आपण जे करतो त्याचा जाब विचारण्याचा हक्क त्यांनी कुणालाही दिलेला नव्हता. दुखावलेला पुरुष देवाच्या मेजावर आपला राग काढतो आहे, हे ओळखण्याची नजर त्यांना कुठल्याही उपवासाने दिली नाही.

यानंतर वेस्ली बदलले ते २४ मे १७३८ च्या संध्याकाळी, असं मेथडिस्ट परंपरा मानते. लंडनमधल्या आल्डर्सगेट रस्त्यावरच्या एका बैठकीत, रोमकरांस पत्रावरची ल्यूथरची प्रस्तावना वाचली जात असताना, ख्रिस्ताने आपल्याला क्षमा केली आहे याची त्यांना आतून खात्री पटली. त्या अनुभवाचं मोल मला कमी करायचं नाही. पण आठ महिन्यांच्या आतच, ४ जानेवारी १७३९ रोजी, वेस्लींनी स्वतःबद्दल लिहिलं की आपण अजून ख्रिस्ती नाही. इतका मोठा अनुभवही मागे सरतो, मन पुन्हा कोरडं पडतं, आणि तेव्हा माणसाला धरून ठेवायला काहीतरी लागतं. ते काहीतरी आल्डर्सगेटच्या तीन आठवडे आधीच उभं राहिलं होतं. १ मे १७३८ रोजी, मोरावियन पंथाच्या पीटर बोलर यांच्या सल्ल्याने, लंडनमध्ये एक मंडळ सुरू झालं. पुढे फेटर लेन मंडळ म्हणून ते ओळखलं गेलं. त्यातली माणसं छोट्या गटांत आठवड्याला भेटत. त्या वर्षाच्या डिसेंबरमध्ये वेस्लींनी अशा गटांसाठी नियम लिहिले. गेल्या भेटीनंतर जाणूनबुजून कोणतं पाप घडलं, कोणता मोह झाला, त्यातून सुटका कशी झाली, आणि केलेल्या कोणत्या गोष्टीबद्दल मनात शंका आहे, असे थेट प्रश्न त्यात आहेत. या नियमांमधली एक अट मला फार महत्त्वाची वाटते. बैठकीत आधी एकाने स्वतःबद्दल बोलायचं, मगच इतरांना विचारायचं. पुढे मुद्दा येईल तेव्हा ही अट लक्षात असू द्यावी.

हे छोटे गट मोजक्या, उत्साही माणसांचे होते. सर्वसाधारण सभासदांपर्यंत हा परिपाठ पोहोचला तो पैशाच्या वाटेने. ब्रिस्टलमधल्या मेथडिस्टांनी बांधलेल्या इमारतीवर कर्ज होतं. ते फेडायचं कसं, यावर फेब्रुवारी १७४२ मध्ये चर्चा चालू होती. कॅप्टन फॉय नावाच्या सभासदाने सुचवलं की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. पुष्कळांना तेवढंही परवडणार नाही, असं कुणी म्हटलं तेव्हा तो म्हणाला की सर्वांत गरीब अकरा जण माझ्याकडे द्या. मी दर आठवड्याला त्यांना भेटेन, ज्याला देता येणार नाही त्याचे पैसे मी भरीन. इतरांनीही तसेच अकरा-अकरा जण वाटून घेतले. वसुलीला घरोघर जाणाऱ्या या लोकांना मग पैशाव्यतिरिक्त बरंच काही दिसू लागलं. कोण दारूच्या नशेत पडला आहे, कोणत्या घरात भांडण पेटलं आहे, कुठे आजारपण आहे, कुठे चूल पेटलेली नाही. त्यांनी ते वेस्लींना सांगितलं, आणि ज्याची आपण वाट पाहत होतो ती गोष्ट हीच, हे वेस्लींनी तत्काळ ओळखलं. घरोघर फिरणं गैरसोयीचं होतं म्हणून थोड्याच काळात ही बारा माणसं एका ठिकाणी आठवड्यातून एकदा जमू लागली. हाच मेथडिस्टांचा 'वर्ग'. एका कर्जाच्या हिशेबातून अठराव्या शतकातली बहुधा सर्वांत परिणामकारक ख्रिस्ती साधना जन्माला आली, आणि तिचा उगम पैशात असणं मला अजिबात उणेपणाचं वाटत नाही. माणसाच्या खिशापर्यंत न पोहोचणारी साधना त्याच्या स्वभावापर्यंत पोहोचल्याचं सहसा दिसत नाही.

१७४३ मध्ये वेस्लींनी सभासदांसाठी तीन सामान्य नियम छापले: कुणाचं वाईट करू नये, जमेल तितकं भलं करावं, आणि देवाने नेमून दिलेली साधनं पाळावीत. पहिल्या नियमाखाली येणाऱ्या गोष्टींत जकात चुकवलेला माल घेणं-विकणंही आहे. समुद्रकाठच्या इंग्लंडमध्ये त्या काळी चहा आणि ब्रँडीची चोरटी आयात सर्रास चाले, आणि चांगली चर्चला जाणारी माणसं तो माल बिनदिक्कत विकत घेत. रविवारच्या प्रवचनात याबद्दल बोललं तर ऐकणारे माना डोलावून घरी गेले असते. वर्गात मात्र बारा जणांसमोर, तुमच्या घरातला चहा कुठून आला, असा प्रश्न येऊ शकत होता. वेस्लींनी स्वतःच्या पैशालाही हीच शिस्त लावली होती असं दिसतं. एका प्रवचनात त्यांनी ऑक्सफर्डमधल्या एका तरुणाचा दाखला दिला आहे, आणि तो तरुण ते स्वतःच, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. त्याला वर्षाला ३० पौंड मिळत तेव्हा तो २८ पौंडांत राही आणि दोन दान करी. पुढच्या वर्षी ६० मिळाले, तरी खर्च २८ च राहिला आणि ३२ दिले. मग ९० मिळाले तेव्हा ६२, आणि १२० मिळाले तेव्हा ९२. मिळकत चौपट झाली, राहणी तिथेच. उपवासाचा अर्थ मला इतर कुठल्याही उदाहरणापेक्षा या चार आकड्यांत जास्त स्पष्ट दिसतो.

या सगळ्यावर पहिला आक्षेप ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या आतूनच येतो, आणि तो वजनदार आहे. तारण कृपेने मिळतं, माणसाच्या कमाईने नाही, असं प्रोटेस्टंट परंपरा ठामपणे सांगते. मग नेम, नियम, प्रश्न यांचा हा व्याप कशासाठी? हा वाद वेस्लींच्या हयातीत त्यांच्याच मंडळात पेटला. १७३९ च्या शरद ऋतूत लंडनला आलेले मोरावियन प्रचारक फिलिप मोल्थर सांगू लागले की ज्याचा विश्वास पूर्ण नाही त्याने प्रार्थना, शास्त्रवाचन, प्रभुभोजन सगळं थांबवावं आणि देवापुढे नुसतं स्तब्ध राहावं. नाहीतर माणूस आपल्या साधनेवरच विसंबून राहील. फेटर लेनमधल्या बऱ्याच जणांना हे पटलं. वेस्लींना पटलं नाही आणि जुलै १७४० मध्ये ते आपल्या माणसांना घेऊन बाहेर पडले. साधनं कृपेची किंमत म्हणून चुकवायची नसतात, हे त्यांना पूर्ण मान्य होतं. त्यांचं उत्तर असं की देवाने स्वतःच ज्या वाटेवर भेटायचं कबूल केलं आहे तिथे जाऊन उभं राहायला माणसाने लाजू नये. माझ्या मते मोल्थर यांना वाटणारी भीती खरी होती, उपाय मात्र चुकीचा होता. आपल्या नेमांचा गर्व चढण्यावर औषध म्हणून नेमच सोडले, तर गर्व तेवढा मागे राहतो. त्यावर गुणकारी गोष्ट एकच, आपल्याला ओळखणाऱ्या चार माणसांसमोर दर आठवड्याला आपलं खरं सांगावं लागणं. ज्याला हे सांगावं लागतं त्याला आपण कमाईवर तरलो असं फार काळ वाटत नाही.

दुसरा आक्षेप असा की येशूने स्वतःच प्रार्थना खोलीचं दार लावून करायला सांगितली, आणि ख्रिस्ती संतांचा मोठा वारसा एकांतवासाचा आहे. दार लावण्याचा तो उपदेश दिखाऊ भक्तीविरुद्ध आहे, हे मत्तयाच्या शुभवर्तमानातला तो सबंध भाग वाचला की कळतं. त्याच नव्या करारात याकोबाचं पत्र एकमेकांजवळ पापं कबूल करायला सांगतं. एकांतवासाचं म्हणाल तर इजिप्तच्या वाळवंटातले चौथ्या शतकातले साधू वाटतात तितके एकटे नव्हते. मनात आलेले विचार, अगदी क्षुल्लकसुद्धा, वडील साधूपाशी उघड करण्याची त्यांची रीत होती. पाखोमियस यांनी त्याच काळात नाईलकाठी सामुदायिक मठ उभारले, आणि कैसरियाचे बिशप बेसिल यांनी तर एकट्याने राहणाऱ्याला विचारलं की तू पाय कुणाचे धुणार? कॅथलिक परंपरेने ही गोष्ट नियमातच बसवली. १२१५ च्या लॅटरन परिषदेने वर्षातून किमान एकदा पापनिवेदन सक्तीचं केलं. गोव्यात त्यालाच कुमसार म्हणतात. त्याला गुप्ततेचं संरक्षण आहे, आणि ते हवंच. पण धर्मगुरू ऐकतो, क्षमा उच्चारतो आणि पुढचा माणूस येतो. निवेदन करणाऱ्याचा आठवडा कसा गेला याचा पाठपुरावा तिथे क्वचितच होतो. प्रोटेस्टंटांकडे तर एवढंही उरलं नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप मात्र वेगळाच आहे. माणसाच्या खासगी आयुष्यात डोकावण्याचा हक्क दिला की त्याचा गैरवापर होतो, आणि धर्माच्या नावाने झालेला गैरवापर सर्वांत जास्त दुखावतो. १९७० च्या दशकात अमेरिकेत 'शेफर्डिंग' नावाची चळवळ फोफावली. प्रत्येक श्रद्धावंताने एका वरिष्ठाच्या आज्ञेत राहायचं, नोकरी-लग्नाचे निर्णयही त्याला विचारून घ्यायचे, अशी तिची शिकवण होती. अनेक आयुष्यांची त्यात फरफट झाली, आणि तिचे एक प्रमुख नेते बॉब मम्फर्ड यांनी १९९० मध्ये जाहीर माफी मागितली. त्याहून वेदनादायक उदाहरण ज्याँ व्हानिये यांचं आहे. बौद्धिक अपंगत्व असलेल्यांबरोबर एका घरात राहण्यासाठी त्यांनी १९६४ मध्ये फ्रान्समध्ये 'लार्श' सुरू केली, जगभर तिची घरं झाली, आणि २०१९ मध्ये ते वारले तोपर्यंत लोक त्यांना जिवंतपणीच संत मानत होते. संस्थेने स्वतःच करवलेल्या चौकशीतून २०२० मध्ये सहा महिलांच्या, आणि २०२३ च्या सविस्तर अहवालात किमान २५ महिलांच्या बाबतीत त्यांनी केलेलं लैंगिक गैरवर्तन पुढे आलं. आध्यात्मिक मार्गदर्शन आणि प्रार्थना ही त्यासाठीची आडोशाची जागा होती. हे वाचल्यावर, कुणापुढेही मन उघडं करू नये असं कुणाला वाटलं तर त्याला दोष देता येणार नाही.

पण या दोन्ही उदाहरणांत प्रश्नांची दिशा कोणती होती ते पाहावं. प्रश्न वरून खाली जात होते. वरच्याला कुणी विचारत नव्हतं. आधी स्वतःबद्दल बोला आणि मग विचारा, ही १७३८ ची अट नेमकी इथे कामाला येते. हक्क दोन्ही बाजूंनी असेल, ऐकणारे एकापेक्षा जास्त असतील, बाहेर पडायची मोकळीक असेल आणि गुन्ह्याची बाब गटात न जिरवता पोलिसांकडे जाईल, तर तीच रीत संरक्षणाची होते. स्वतः वेस्लींनाही हे नेहमी जमलं नाही. १७६२ मध्ये जॉर्ज बेल नावाचा त्यांच्या लंडनमधल्या मंडळातला माणूस आपण पूर्ण पवित्र झालो आहोत असं सांगू लागला, मग आपल्याला शिकवण्याचा अधिकार इतरांना नाही असं म्हणू लागला, आणि शेवटी २८ फेब्रुवारी १७६३ ला जगाचा अंत होणार असं त्याने जाहीर केलं. वेस्लींनी त्याला आवरायला फार वेळ लावला, आणि मंडळ फुटलं. पावित्र्याच्या शोधात निघालेल्या माणसाचं पाऊल कुठे घसरतं हे बेलच्या बाबतीत अगदी उघड दिसतं: ज्या दिवशी त्याने इतरांचे प्रश्न नाकारले, त्याच दिवशी. आपल्याकडे निंदकाचं घर शेजारी असावं म्हणतात. वर्गातल्या माणसाचं नातं निंदकापेक्षा बरंच जवळचं असतं, कारण त्याचीही पाळी येणार असते.

इतिहासकारांचा आक्षेपही टाळता येत नाही. ई. पी. टॉम्पसन यांनी 'द मेकिंग ऑफ द इंग्लिश वर्किंग क्लास' या १९६३ च्या ग्रंथात मेथडिस्ट शिस्तीवर कठोर टीका केली; कारखान्यांना हवा तसा निमूट, वेळ पाळणारा मजूर या धर्माने घडवला, असा तिचा आशय. त्यात तथ्य आहे. मेथडिस्ट नेत्यांनी कामगारांच्या असंतोषाला अनेकदा पाठ दाखवली. पण ज्या खोल्यांत खाणकामगार आणि मोलकरणी आठवड्याला जमत, तिथे त्यांना आयुष्यात पहिल्यांदा चार माणसांत बोलायला, हिशेब ठेवायला आणि बैठक चालवायलाही शिकायला मिळालं. डॉर्सेटमधल्या टॉलपडल गावच्या सहा शेतमजुरांना संघटना बांधल्यावरून १८३४ मध्ये ऑस्ट्रेलियाला काळ्या पाण्यावर पाठवलं गेलं. त्यांतले बहुतेक मेथडिस्ट होते आणि त्यांचा पुढारी जॉर्ज लव्हलेस मेथडिस्ट प्रवचनकार होता. स्त्रियाही वर्ग चालवत. १७६१ मध्ये सारा क्रॉस्बी डर्बीमध्ये आपला वर्ग घ्यायला गेल्या तर समोर सुमारे २०० माणसं बसलेली. एकेकाला विचारणं अशक्य, म्हणून त्या सर्वांना उद्देशून बोलल्या. मेथडिस्ट स्त्रियांच्या प्रवचनाची सुरुवात तिथून मोजतात.

वेस्ली १७९१ मध्ये वारले तेव्हा ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये मिळून सत्तर हजारांहून अधिक सभासद होते. पुढच्या शतकात चर्च वाढलं आणि वर्ग मात्र सुकत गेले. याचं कारण वेस्लींनी अखेरच्या वर्षांतच लिहून ठेवलं होतं. धर्म माणसाला कष्टाळू आणि काटकसरी करतो, त्यातून पैसा येतो, आणि पैशाबरोबर गर्व. सुखवस्तू सभासदाला बारा जणांसमोर आपल्या आठवड्याचा हिशेब द्यायला अवघड वाटू लागलं. त्याऐवजी सार्वजनिक प्रार्थनासभा आल्या, जिथे कुणाला काही विचारलं जात नाही. ही घसरण पाहिली तरी वर्गाची गोष्ट इंग्लंडपुरती राहिली नाही, आणि तिचे धागे थेट महाराष्ट्रात येतात. १८७१ च्या अखेरीस अमेरिकन मेथडिस्ट प्रचारक विल्यम टेलर मुंबईत आले आणि घराघरांत असेच छोटे गट बांधू लागले. त्यांना येऊन मिळालेले अमेरिकन मिशनरी जॉर्ज बोवेन १८४८ पासून मुंबईत होते. मिशनचा पगार सोडून ते एतद्देशीयांच्या वस्तीत अत्यंत साधेपणाने राहत, आणि १८८८ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते मायदेशी परतले नाहीत. मेथडिस्ट डीकनेस मिनी अब्राम्स १८८७ मध्ये मुंबईला आल्या आणि पुढे केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये दाखल झाल्या. रमाबाई स्वतः १८९८ मध्ये इंग्लंडमधल्या केझिकच्या पावित्र्य-संमेलनाला गेल्या होत्या.

मुक्तीतल्या १९०५ च्या जागृतीबद्दल बरंच लिहिलं गेलं आहे, पण बहुतेकांचं लक्ष जूनअखेरीच्या रडण्या-ओरडण्याकडे आणि ज्वालांच्या दर्शनाकडे जातं. मला त्याआधीचे महिने जास्त बोलके वाटतात. जानेवारीत रमाबाईंनी खास प्रार्थनेसाठी बोलावलं तेव्हा सुमारे ७० जणी आल्या. जूनपर्यंत ती संख्या ५५० झाली, आणि भेटणं दिवसातून दोनदा. जागृतीत मुलींनी उघडपणे आपले दोष कबूल केले, चोरलेल्या वस्तू, मनातले दावे. आणि हे सगळं ज्या जागी घडलं तिथे शेती होती, तेलघाणा होता, माग होते, छापखाना होता, अंध मुलींसाठी ब्रेल होतं. दुष्काळातून वाचवलेल्या शेकडो मुली एका छपराखाली राहत, जेवत, भांडत. कुणाचा स्वभाव कसा आहे हे लपून राहायला जागाच नव्हती. हीच ओढ पुढे कवी नारायण वामन टिळकांमध्येही दिसते. त्यांनी १९१७ मध्ये मिशनची चाकरी सोडून 'देवाचा दरबार' मांडला, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या शिष्यांसाठी एकत्र. तुकारामांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलेल्या टिळकांना मिशनच्या पगारी धर्मसेवेत काय उणं दिसलं, हे या प्रयोगावरून कळतं: एकमेकांना बांधलेली माणसं. १९१९ मध्ये ते गेले आणि दरबार वाढू शकला नाही.

ख्रिस्ती नसलेल्या वाचकाला याच्याशी काय देणंघेणं, असा प्रश्न पडेल. त्याच्या ओळखीची एक जागा आहे. दारूमुक्तीसाठी चालणारी अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही संघटना १९३५ मध्ये 'ऑक्सफर्ड ग्रुप' या ख्रिस्ती चळवळीच्या कुशीतून निघाली, आणि आपल्या चुका देवाजवळ, स्वतःजवळ आणि दुसऱ्या एका माणसाजवळ कबूल करणं ही तिच्या बारा पायऱ्यांपैकी एक आहे. २०२० मध्ये वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यासांचा, दहा हजारांहून अधिक लोकांचा आढावा घेतला. दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत या पद्धतीवर आधारलेले उपचार इतर मान्यताप्राप्त उपचारांइतके किंवा त्यांहून चांगले ठरले. दारू सुटणं म्हणजे पावित्र्य नाही, हे खरं. पण इच्छाशक्ती जिथे हरते तिथे विचारणारी माणसं काय करू शकतात, याचा एवढा भक्कम दाखला दुसरीकडे मिळत नाही.

महाराष्ट्रातल्या मंडळ्यांनी हे पुन्हा सुरू करायचं ठरवलं तर सुरुवात वरून व्हावी. भारतातल्या अनेक चर्चचे मालमत्तेचे वाद वर्षानुवर्षं न्यायालयांत आहेत. ते लढणारी माणसं रविवारी नेमाने प्रार्थना करतात, उपवासकाळ पाळतात, आणि त्यांतल्या कुणालाही आपल्या साधनेत काही कमी आहे असं वाटत नसावं. म्हणून बिशप, पाळक आणि विश्वस्त यांचा वर्ग आधी बसावा, आणि त्यात त्यांच्या हाताखाली नसलेली, पगारासाठी त्यांच्यावर अवलंबून नसलेली माणसं असावीत. स्त्रियांचे वर्ग स्त्रियांनीच चालवावेत, कारण न्यूकॅसलच्या यादीत तो एक नवरा सापडला असेल, तर बाकीचे सापडले नाहीत ते बहुधा विचारणारे पुरुष होते म्हणून. पैशाचा प्रश्न लाज न बाळगता विचारला जावा: किती मिळाले, किती ठेवले, कामवालीला किती दिले. आठ-दहा माणसं आणि आठवड्याचा एक तास, याहून जास्त काही लागत नाही. येत्या उपवासकाळाचे सहा आठवडे एवढ्यासाठी राखून ठेवता येतील. पुढे चालू ठेवायचं की नाही, हे त्या गटातल्या माणसांनी ईस्टरनंतर बसून ठरवावं.